द्राक्ष-बागेतील-डावणी-रो

फोन आला तेव्हा मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत होता. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सांगलीकडे फळछाटण्या होऊन पंधरा-वीस दिवस झालेले आणि डोक्यावर परतीचा पाऊस.

"पोरी, गूगलनं आम्हाला टाकलंय बघ," नाना म्हणाले. "दिवसाला दोन हजार माणूस यायचं साइटवर. आता तीनशे पण येईनात."

नाना द्राक्षशेतीवरचं एक मासिक चालवतात. मी पुण्यात वेबसाइटची तांत्रिक कामं बघते. पानं वेळेत उघडतात का, गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रामला, ती वाचता येतात का, पानाचा पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर माणूस नीट पोचतो का, असली कामं. आमच्या धंद्यात याला टेक्निकल एसईओ म्हणतात. पण नानांचा फोन मी ग्राहकाचा फोन म्हणून घेतला नाही. माझ्या मामांची सावळजला बाग आहे. त्यांच्या सोप्यात पंचांगाशेजारच्या खुंटीला नानांच्या मासिकाचे अंक सुतळीत ओवून टांगलेले असायचे आणि छाटणी झाली की ती माळ खाली यायची.

छाटणीनंतरचे ते दिवस कसे असतात हे बागायतदाराच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. कोवळी फूट, त्यात पाऊस आणि धुकं आलं की डावणी हा रोग येतो. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट डाग, खालच्या अंगाला पांढरी बुरशी. ती घडावर गेली तर वर्षाचं पीक हातातून जातं. फवारणीचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो. माणूस सरीत उभा राहून मोबाइलवर 'डावणी' असं लिहितो आणि वर जे येईल ते वाचतो. नानांचे लेख तिथे नसतील तर दुसरं काहीतरी असतंच. औषध विकणाऱ्याची जाहिरात असते, किंवा भलत्याच हवामानासाठी लिहिलेला सल्ला असतो. म्हणून मला घाई होती.

साइट ऑगस्टच्या शेवटी नव्या सर्व्हरवर गेली होती. काम गावातल्याच एका तरुण मुलानं केलेलं. आधी सांगते, कारण नंतर सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं: त्याचं बरंचसं काम चांगलं होतं. जुनी साइट मोबाइलवर उघडायला जीव खायची. नवीवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसत होता आणि गूगलही तेवढ्या वेळालाच 'चांगलं' म्हणतं. वाचताना मजकूर वरखाली उडत नव्हता.

पहिल्या रात्री मी नेहमीच्या जागा तपासल्या. रोबोट्सच्या फाइलीत बॉटला अडवणारी ओळ राहिली आहे का? नाही. चाचणीच्या काळातली नोइंडेक्सची, म्हणजे 'हे पान गूगलमध्ये दाखवू नका' अशी, खूण चुकून तशीच आहे का? नाही. साइटमॅप, म्हणजे गूगलसाठीची पानांची यादी, आहे, सर्व्हर पडत नाही. नव्या साइटवर लेखांचे पत्ते बदलले होते. 'देवनागरी पत्ते गूगलला कळत नाहीत' असं कुणीतरी त्या मुलाला सांगितलं होतं, म्हणून त्यानं सगळे पत्ते रोमन लिपीत केले होते. हा समज मला फार ठिकाणी भेटतो आणि दर वेळी वाईट वाटतं. वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, असं गूगलचंच सांगणं आहे. पण पत्ते बदलले म्हणून साइट पडत नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमच्या बदलाची खूण देऊन, म्हणजे ३०१ नं, नव्या पत्त्यावर नेलं की झालं. ते त्यानं केलं होतं. साडेतीन हजारांवर जुन्या पत्त्यांची यादी, प्रत्येकासमोर नवा पत्ता, प्रत्येक तपासलेला, सगळे रकाने हिरवे. मीही वीस-पंचवीस पत्ते त्या यादीतून उचलून टाकून पाहिले. सगळे बरोबर पोचले.

आणि तरी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटमालकाला त्याच्या पानांची स्थिती दाखवतं तिथे, 'सॉफ्ट ४०४'चा आकडा हजारांत होता. सॉफ्ट ४०४ म्हणजे सर्व्हर 'पान आहे' म्हणतो, पण गूगलच्या मते तिथे त्या पत्त्याचं काही नाही. मला संगती लागेना. सकाळी स्वारगेटहून एसटी धरली.

नानांचं ऑफिस म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. भिंतीला छातीइतके जुने अंकांचे गठ्ठे. तो मुलगा आधीच येऊन बसला होता, चेहरा उतरलेला. मी लॅपटॉप उघडला, त्यानं यादी दाखवली, मी परत काही पत्ते टाकले, परत बरोबर. नाना बराच वेळ गप्प होते. मग उठले, गठ्ठ्यातून २०१७ चा एक अंक काढला आणि लेखाच्या तळाशी छापलेल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला.

"हे बघ की. माझ्यात कुठं उघडतंय?"

त्यांच्या मोबाइलवर साइटचं पहिलं पान उघडलं होतं. लेखाचा पत्ता नव्हता.

मी तोच लेख यादीतून काढून माझ्या मोबाइलवर उघडला. लेख आला. टेबलावर दोन मोबाइल शेजारी शेजारी, एकच लेख, एकच जुना पत्ता. एकावर डावणीचे फोटो आणि दुसऱ्यावर वर्गणीची जाहिरात.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी कधी कुठलं पान मागितलं त्याच्या नोंदीत, नानांच्या मोबाइलची ओळ शोधली आणि माझी ओळ तिच्याखाली ठेवली. देवनागरी अक्षर पत्त्यातून जाताना तसंच जात नाही. आपल्याला 'द' दिसतो. तारेवरून जातं ते टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-सहा. माझ्या ओळीत ई आणि ए स्मॉल होते. नानांच्या ओळीत कॅपिटल. बाकी दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या.

दोन्हींचा अर्थ एकच. पत्त्यांचं २००५ चं मानक, आरएफसी ३९८६, हेच सांगतं: स्मॉल-कॅपिटलनं फरक पडत नाही आणि लिहिताना कॅपिटल वापरावं. पण साइट ज्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर चालते ते आपल्या डेटाबेसात स्मॉल लिहितं. त्या मुलानं यादी डेटाबेसातून काढली, तपासणीही त्याच यादीनं केली. पत्ते वळवणारी छोटी पीएचपी फाइल त्यानं स्वतः लिहिली होती आणि ती येणारा पत्ता यादीशी अक्षराला अक्षर लावून बघत होती. कॅपिटल आलं की जुळायचं नाही. आणि न जुळलेलं सगळं काही पहिल्या पानावर पाठवायचं, अशी ओळ शेवटी होती, वाचकाला 'पान सापडलं नाही' असं दिसू नये म्हणून. हेतू चांगला, पण त्यानंच सगळं झाकलं गेलं. ती ओळ नसती तर ४०४ चा, म्हणजे 'पान नाही' या उत्तरांचा, ढीग पहिल्याच दिवशी दिसला असता. हजारो वेगवेगळे पत्ते एकाच पानावर जाऊन पडतात म्हटल्यावर गूगल त्यांना 'पान नाही' असंच समजतं.

मग गूगलबॉटच्या ओळी चाळल्या. नाव कुणीही लावू शकतं, म्हणून मागणाऱ्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, उलटा तपासून शेवटी गूगलबॉट डॉट कॉम येतं का ते पाहिलं. खऱ्या बॉटच्या जुन्या पत्त्यांवरच्या बहुतेक फेऱ्या कॅपिटलमध्ये होत्या. सप्टेंबरपासून तो रोज येत होता, लेख मागत होता आणि आम्ही त्याला रोज पहिल्या पानावर परत पाठवत होतो.

तो मुलगा डोकं धरून बसला. त्याला मी खरं तेच सांगितलं. ही चूक मी इंग्रजी साइटवर कधी पाहिली नाही, कारण तिथे ती सहसा होतच नाही. आपल्यासारख्या लिपीत काम करणाऱ्यालाच ती भेटते.

जेवताना त्यानं हळूच दुसरी गोष्ट सांगितली. "ताई, मी काही डुप्लिकेट लेख पण काढलेत. एकच पत्ता आणि पुढे दोन, तीन, चार असे आकडे होते."

मी ताटावरून उठले. काढलेले लेख त्यानं ड्राफ्टमध्ये ठेवले होते, नशीब. पत्ता होता 'द्राक्ष-बागेतील-डावणी-रो'. पुढे रो-२, रो-३, थेट रो-७ पर्यंत. उघडून बघते तर सात वेगळे लेख: रोगाची लक्षणं, रोगाचा प्रसार, रोग आणि परतीचा पाऊस, छाटणीनंतरचं नियोजन, असे. नानांनी निवृत्त शास्त्रज्ञांना गाठून, दोन वर्षं खपून केलेली मालिका. साइटवर सर्वांत जास्त वाचली जाणारी. तिच्यातले सहा लेख दीड महिना गायब होते आणि ते ऐन डावणीचे दिवस होते.

"पण माझ्या लेखाचं नाव 'रो' कुठंय?" नाना म्हणाले. "रोग तरी लिहायचा."

मी वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांना मांडून दाखवलं. देवनागरीतलं एक चिन्ह म्हणजे पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ जागा. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला की तो हलन्तही वेगळा. 'द्राक्ष' मध्ये द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष, म्हणजे सात चिन्हं, ६३ जागा. मधली रेघ १. 'बागेतील'ची सात चिन्हं, परत ६३. रेघ १. 'डावणी'ची पाच, ४५. रेघ १. झाले १७४. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला जागा २००. उरल्या २६. र ला नऊ, ओकाराला नऊ, झाले १९२. आता 'ग'ला लागतात नऊ आणि शिल्लक आहेत आठ.

नानांनी ती बेरीज स्वतः बोटानं परत केली. मग चष्मा काढून म्हणाले, "एका जागेनं गेला व्हय ग."

सात लेखांची नावं पहिल्या बावीस-तेवीस चिन्हांपर्यंत सारखी, म्हणून सातांचे पत्ते एकाच जागी तुटले आणि पुढे आकडे लागले. इंग्रजीत दोनशे अक्षरांत लांबलचक मथळा मावतो. मराठीत तीन शब्द आणि चौथ्याचा तुकडा. वर्डप्रेसवर मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकानं आपले पत्ते एकदा उघडून बघावेत. तुटलेली शेपटं बहुधा सापडतील. नव्या लेखाला पत्ता हातानं, दोन-तीन शब्दांत लिहिला की प्रश्नच येत नाही.

आता काय करायचं हा निर्णय होता. रोमन पत्ते ठेवून फक्त वळण दुरुस्त करता आलं असतं. मी तसं केलं नाही. २०१६ पासूनच्या प्रत्येक अंकात क्यूआर कोड छापलेले आहेत. ते अंक घराघरांत खुंट्यांना टांगलेले आहेत, त्यांच्यात दुरुस्ती होत नसते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे दुवे जुन्याच पत्त्यांचे. तुटके असोत, विचित्र असोत, लोकांच्या हातात तेच पत्ते होते. म्हणून जुने पत्ते जसेच्या तसे, 'रो' सकट, परत जिवंत केले आणि दीड महिन्याचे रोमन पत्ते ३०१ नं त्यांच्याकडे वळवले. वळवण्याआधी येणारा पत्ता देवनागरीत उलगडून घ्यायचा आणि मगच जुळवायचा, ही ओळ त्या मुलानं स्वतः लिहिली. पहिल्या पानावर पाठवणारी ओळ काढली. जे पान नाही त्याला सरळ ४०४. सहा लेख ड्राफ्टमधून परत बाहेर आणले, सातांच्या मथळ्यांत वेगळेपण पुढे आणलं, एकमेकांचे दुवे दिले. साइटमॅप नव्यानं पाठवला. या वेळी प्रत्येक पत्ता दोनदा तपासला, स्मॉलमध्ये आणि कॅपिटलमध्ये. रात्रीचे दोन वाजले.

आणखी एक गोष्ट केली, तिचा गूगलमधल्या क्रमांकाशी संबंध नाही. पानाच्या सांगाड्यात भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मराठी केली. गूगल भाषा मजकुरावरूनच ओळखतं. पण पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ही खूण लागते आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे दिसू लागतात. नानांना ते पहिल्या नजरेत कळलं. "हां, हा आमचा ल," म्हणाले.

गूगल परत यायला वेळ घेतं. पहिले चार दिवस आलेख जमिनीवरच होता आणि नाना रोज सकाळी सात वाजता विचारायचे. पाचव्या दिवशी पहाटेच्या लॉगमध्ये बॉट 'रो-३' मागून गेलेला दिसला, उत्तर २००, म्हणजे पान मिळालं. नोव्हेंबरच्या मध्याला दिवसाचे वाचक पंधराशेवर आले. डावणीचा जोर तोवर ओसरला होता. त्या दीड महिन्यात किती जणांनी सरीत उभं राहून शोधलं आणि त्यांना नानांचा लेख दिसला नाही, हे कुठल्याच आलेखात नसतं. ते मला अजून टोचतं.

निघताना नानांनी सर्वांत खालचा गठ्ठा ओढून काढला होता. युनिकोडच्या आधीच्या काळातले अंक. तेव्हाच्या फॉन्टात जुळवलेला मजकूर तसाच साइटवर चढवलेला आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉपी केलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा. गूगलला तो चुराडाच दिसतो. त्या अंकांत भुरीवर, खोडकिडीवर, दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या बागांवर लेख आहेत.

"ह्यांचं कसं करायचं?" नानांनी विचारलं.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात, पान पान करून. त्या मुलानं पहिले दोन अंक उचलून पिशवीत घातले. पुढच्या मंगळवारी मी परत तीच एसटी धरली.