सात इंच की नऊ इंच

सध्या आमच्या घरात माझी ओळख म्हणजे रात्री साडेअकराला अंधारात मोबाईल धरून पोलादाचे प्रकार वाचत बसणारा माणूस. चार महिने झाले, कॅम्पिंगला न्यायला एक मोठी सुरी शोधतोय. फोल्डिंगवाली नाही, ती खिशात आहेच. मला हवीये सात ते नऊ इंच पात्याची, न दुमडणारी, म्यानातून काढली की आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारी. बायकोने एकदाच विचारलं, "तू नक्की तोडणार काय आहेस?" म्हटलं, लाकडं. "कुठली?" यावर मी पाणी प्यायला उठलो.

प्रश्न चुकीचा नव्हता हीच तर पंचाईत. बाहेर राहायला गेल्यावर सुरीचं जे काम असतं, दोरी काप, पाकीट फोड, काटकीचे पातळ पापुद्रे काढून जाळ पेटव, त्यातलं बहुतेक सगळं चार इंची पात्याने जास्त नीट होतं. आणि जाड फांदी आडवी कापायची तर घडीच्या करवतीसमोर कुठलीही सुरी टिकत नाही. मोठ्या सुरीची खरी जागा या दोन्हींच्या मधे, म्हणजे झुडपं साफ करणं, मनगटाएवढ्या फांद्या तोडणं, आणि कुऱ्हाड सोबत नसताना पात्याच्या पाठीवर सोट्याने ठोकून ओंडका उभा चिरणं. हे मला पाठ आहे. तरी हवी म्हणजे हवी.

सुरुवातीला अर्थातच डोळ्यांनी निवडत होतो. काळं कुळकुळीत पातं, पाठीवर करवतीचे दाते, मूठ पोकळ आणि टोकाला होकायंत्र! ते दाते कुठून आले हे कळल्यावर मात्र नाद सुटला. अमेरिकन वैमानिकांच्या सर्व्हायव्हल सुरीला ते दिले होते, कोसळलेल्या विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर पडता यावं म्हणून. लाकडात ते चार वेळा ओढले की भुशाने भरतात, आणि पाठीवर सोटा मारायला गेलं की सोटाच कुरतडून खातात. मी काही विमानातून पडणार नव्हतो. पोकळ मुठीचं तर विचारूच नका, पातं मुठीच्या तोंडाशीच संपणार आणि सगळा मार त्या एका सांध्यावर.

मग जो तो सांगतो ते फुल टँग, म्हणजे पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं. पहिल्या सुरीला हा नियम चांगलाच आहे, पण लोक तो असा सांगतात की बाकी सगळं मोडणारच. अमेरिकन मरीन्सनी १९४२ साली घेतलेली सात इंची का-बार बघा, तिच्या मुठीतली शेपटी अरुंद, वरून चामड्याच्या चकत्या ओवलेल्या, आणि एवढं युद्ध निभावलं तिने. पारंपरिक खुकरीतही निमुळती शेपटी लाकडी मुठीत नुसती राळेसारख्या लुकणाने बसवतात, तरी ती फांद्या सपासप तोडते.

पोलादाच्या नावांनी तर झोपच उडवली. १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन, मार खातं, दगडावर पटकन धार घेतं आणि जरा ओल लागली की गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान साडेदहा टक्के, गंजाची कटकट कमी. एवढं कळायला मला एक रात्र लागली आणि उरलेल्या रात्री नाव वाचून काही ठरत नाही हे कळायला गेल्या. खरं ते पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून किती कडक केलंय. लांब, मार खाणाऱ्या पात्याला रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५८ पुरे, जास्त कडक केलं की धार टिकते पण गाठीवर आपटली की तिचा टवका उडतो, मऊ ठेवलं की धार नुसती वाकते आणि ती परत काढता येते. आपण माणसाचंही पाणीच जोखतो, आणि तेही कागदावर कळत नाही.

एवढं सगळं झाल्यावर एका मित्राने मला सरळ दुपारभर बाहेर नेलं, "वाचतोस काय, तोडून बघ." स्वतःची नऊ इंची जुनी सुरी आणली होती, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि कुणाकडून तरी मागून एक सात इंची पण, माझ्या यादीत पहिल्या नंबरवर असलेली, सहा मिलिमीटर जाड पाठ, फोटोत देखणी. समोर वाळून पडलेली एक फांदी. आधी त्याने मला गुडघ्यावर बसवलं, का तर उभं राहून मारताना नेम चुकला की पातं नडगीकडे येतं आणि बसून चुकलं तर मातीत जातं. मग म्हणाला, हात लांब करून गोल फिरव, एवढ्यात कुणी नको.

सात इंचीचे पहिले दहा घाव मजेत गेले. विसाव्या घावाला करंगळीखाली काहीतरी टोचायला लागलं. मुठीचे कोपरे चौकोनी, खालच्या बाजूला एक धारदार कड, फोटोत ती किती रुबाबदार दिसायची! तोल बरोबर तर्जनीखाली, म्हणून सगळं काम मनगटाने करायचं, आणि पातं इतकं जाड की घाव खोल जातच नव्हता, नुसता दणका बसायचा. मग नऊ इंची घेतली. तिचा तोल मुठीच्या पुढे, पात्यात, म्हणजे उचलून नुसतं सोडायचं, ती आपली आपण पडते. पुढची दोन बोटं घट्ट, मागची सैल, घाव बसताना बंद होणारी, आणि मुठीचं मागचं टोक फुगीर असल्यामुळे सुरी हातातून निसटत नाही. ढलप्या अंगठ्याएवढ्या उडायला लागल्या. मी थांबेचना. थांबलो तेव्हा तळहातावर पहिल्या सुरीने दिलेला फोड टम्म झालेला होता.

ओंडका चिरताना मात्र माती खाल्ली. पातं बरोबर गाठीत घातलं आणि वरून सोटा हाणत राहिलो, ते असं रुतलं की ना पुढे ना मागे. मित्र शांतपणे म्हणाला, "अरे, गाठीशी भांडू नकोस, कडेने घे." शेवटी दुसऱ्या लाकडाची पाचर ठोकून सोडवलं. मग तंबूची खुंटी तासायला बसलो तर त्या नऊ इंचीचं टोक इतकं दूर की काठीने सही केल्यासारखं वाटत होतं. ते काम खिशातल्यानेच केलं.

निघताना त्याने पातं पुसलं, तेलाचा बोळा फिरवला आणि म्यानात न घालता कापडात गुंडाळलं. एकदा पावसानंतर चामड्याच्या म्यानात तशीच ठेवली होती म्हणे, चामडं ओल धरून बसतं, पंधरा दिवसांनी काढली तर पात्यावर तांबडे डाग. ते डाग अजून आहेत, मला दाखवताना जरा कौतुकानेच दाखवले त्याने.

तर शेवटी नऊ इंची मागवली. साडेचार मिलिमीटर पाठ, साधं कार्बन पोलाद, दिसायला अगदीच शेतकी अवजार. मूठ जरा जाड आहे, पण ती सँडपेपरने घासून हाताजोगी करता येते, पात्याचं तसं नसतं. काल पार्सल आलं, खोक्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी. बायको शेजारी उभी होती. मी खिशातला चाकू काढला आणि खोका उघडायला लागलो, तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त खुर्ची ओढून समोर बसली.