अंगठा लावा की

"सही जमंना तर अंगठा लावा की काका," काउंटरवरचा पोरगा सहज बोलून गेला. आणि आमचे मामा, ज्यांनी अख्खी नोकरी गावातल्या दूध संस्थेचं दप्तर लिहिण्यात काढली, ते फॉर्मकडं बघतच राहिले. पेन कागदाला टेकलं की हात थरथरतोय, 'प'चा नुसता गुंता.

फेब्रुवारीत दोडामार्गला काजूच्या बागेत गेलते, गोचीड चावली, माकडताप निघाला. ताप उतरला तसं घरचे सगळे निवांत, आणि मग पुढं डोकेदुखी, हाताची थरथर, मधेच बोलताना शब्दच सापडंना, म्हणून आज कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांकडं आणलं. काहीजणांना ताप गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी हा दुसरा फेरा येतो म्हणे. १९५७ ला शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला आजार, अजून नेमकं औषध नाही, त्रास होईल तसा उपचार.

पाहुणे मात्र "ताप गेला न्हवं, मग काय झालंय?" (थर्मामीटर दाखवंल तेवढाच आजार!)

मामांनी अंगठा लावला नाही. मागं लाईन खोळंबली, पण सही केलीच.

चंदगड-दोडामार्गकडचं कुणी यातनं गेलंय का? हात परत लिहिता व्हायला किती दिवस लागले?