परसातली शेती आणि आपल्या पोरी

दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या पोरीला आमच्या माणदेशात काम काय, तर शेरडं, धुणीभांडी आणि स्थळं बघणं. रानात काय पेरायचं ते तिला कुणी विचारत नाही, सातबाऱ्यावर नाव तर लांबच. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा बऱ्याच जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली, पण लेकीचं काय? म्हणून मला परसबाग एवढी मोलाची वाटते. अर्धा गुंठा का असंना, तिथं काय लावायचं, काय विकायचं हे ती स्वतः ठरवते.

आता पाण्याचं बघा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिमीच्या वर पाऊस आणि माणमधे ५०० च्या आसपास, त्यात तो पण आता धड येत नाही, पेरणीच्या टायमाला दडी मारतो आणि परतीला एका रात्रीत एवढा कोसळतो की वाफेच वाहून जातात. त्यामुळं आमच्या गटातल्या पोरी आधी पाणी वापरायला शिकतात. मोरीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून केळीला, कर्दळीला सोडायचं (कोथिंबिरीला अजिबात नाही, ती आपण कच्ची खातो). दोडक्याच्या आळ्यात साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण, पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. बाकी जमिनीवर पाचटाचं आच्छादन आणि एप्रिल-मेमधे वर जुन्या साडीची सावली.

जीवामृताचं (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) माप सगळीकडं २०० लिटरच्या पिंपाचं सांगतात, ते परसाला कसं पुरवायचं? पोरींनी दहानं भागलं: २० लिटर पाणी, १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी २०० ग्रॅम, बांधावरची चिमूटभर माती. शाळा सुटलेल्या पोरी अशा परत वही धरतात, पेरल्याची तारीख, पाऊस, पिकावर मावा कीड कधी आली, सगळं लिहितात आणि पुढच्या वर्षी ती वही बघूनच पेरतात.

आणि खाण्याचं तर बोलायलाच पायजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्यात रक्त कमी निघालं. शेवग्याचा पाला, तांदुळजा दारातच येतो, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगाला लागतं, जेवल्या जेवल्या चहा नको. पण पिकवणारीच शेवटी जेवत असंल तर भाजी उरणार किती? आयांनो, पोरीचं ताट आधी वाढा.

जूनच्या आत बी जमवतोय. कुणाकडं गावरान घेवडा, दोडका, अंबाडीचं बी राखेत ठेवलेलं असंल तर मूठभर द्या, पीक निघालं की दुप्पट परत करू.