तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या बाटल्या उकळाव्यात, वाफवाव्यात की गोळीच्या पाण्यात बुडवाव्यात?

‘बाटल्या निर्जंतुक करायला सगळ्यात चांगली पद्धत कोणती?’ हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दोन यंत्रं आधीच हेरून ठेवलेली असतात आणि आम्ही त्यातल्या एकावर बोट ठेवावं एवढीच अपेक्षा असते. आमचं उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. उकळणं, वाफ आणि क्लोरीन या तिन्ही पद्धती नीट केल्या तर पुरेशा आहेत. घोटाळा होतो तो त्याच्या आधी, बाटली धुताना.

दुधात चरबी असते, प्रथिनं असतात. पिऊन झालेली बाटली तशीच पडून राहिली की या दोहोंचा पातळ थर आतून धरतो. त्यावर थेट उकळतं पाणी ओतलं तर प्रथिनं आणखी पक्की चिकटतात. असा थर असताना क्लोरीन जिवाणूंपर्यंत पोचण्याआधी त्या थरावरच खर्ची पडतं. उकळण्याने जिवाणू मरतील, पण थर तिथेच राहील आणि पुढच्या खेपेला आलेल्यांना आयता आसरा मिळेल. म्हणून दूध पाजून झालं की बाटली लगेच गार पाण्याने खळबळून ठेवायची, साबण नंतर लावला तरी चालतो.

धुताना हात आधी स्वच्छ. बाटली, रिंग, निपल, झाकण, आत हवेची झडप किंवा नळी असेल तर तीही, सगळं सुटं करायचं. सिंकमध्ये पाणी साठवून त्यात बुडवू नका. कच्चं मांस, भाज्यांची माती, खरकटं हे सगळं त्याच सिंकमधून गेलेलं असतं. बाटल्यांसाठी वेगळा टब आणि वेगळा ब्रश ठेवा आणि तेही रोज गरम साबणाच्या पाण्याने धुवा. निपल उलटं करून आतून घासायचं, मग त्यात साबणाचं पाणी घेऊन दाबायचं, म्हणजे भोकातून बारीक धार निघते. धार तिरकी किंवा तुटक आली तर भोकात दूध सुकलंय असं समजा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रिंगच्या आतल्या आट्यांकडे. नखाने खरवडून पाहा, पिवळट चिकट काहीतरी हाताला लागलं तर ब्रश तिथे पोचत नाहीये. शेवटी बाटली उजेडासमोर धरायची. धुरकट दिसली तर पुन्हा धुवायची, निर्जंतुक करायची घाई नको.

आता पद्धती.

उकळणं हे आमच्या दृष्टीने मूळ माप. पातेलं एवढं मोठं हवं की सगळे भाग पूर्ण बुडतील. बाटली आडवी करून बुडवा आणि आतली हवा जाऊ द्या. आत बुडबुडा अडकला तर तेवढा भाग पाण्याबाहेरच राहतो. पाण्याला खळखळून उकळी फुटली की तिथून वेळ मोजायचा. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी 5 मिनिटं सांगते, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस किमान 10. ऐकून लोक गोंधळतात, पण रोग पसरवणारे नेहमीचे जिवाणू त्याच्या कितीतरी आधी मरतात. आम्ही 10 धरतो, कारण घड्याळ नेहमी जरा लवकरच सुरू केलं जातं. उंचावर राहत असाल तर दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, तिथे तर 10 मिनिटांत काटछाट नको.

उकळण्यात बिघडतं ते निपल. तळाला टेकलं की ते भाजतं आणि पाणी आटलं तर सगळंच वितळतं. पातेलं गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाणं हा या पद्धतीतला खरा धोका, जिवाणू नव्हेत. निपल 10 मिनिटं उकळून उकळून लवकर मऊ पडतं, लॅटेक्सचं तर सिलिकॉनच्याही आधी. काचेची बाटली असेल तर गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात एकदम सोडली तर तडकू शकते. बाहेर काढायला चिमटा लागतो आणि तोही त्याच पाण्यात उकळलेला हवा.

दिवसाला सहा-आठ बाटल्या लागत असतील तर विजेवरचा स्टीम स्टरिलायझर घेणं योग्यच. वाफेचं तापमान उकळत्या पाण्याएवढंच, पण ती थंड भिंतीवर पाणी होताना सोबतची बरीच उष्णता तिथे सोडते, म्हणून काम पटकन होतं. बाटल्यांची तोंडं खाली ठेवायची, म्हणजे वाफ आत चढते आणि साचलेलं पाणी गळून जातं. पाणी मात्र यंत्रासोबत आलेल्या मापानेच घाला. बहुतेक यंत्रं तळाची पट्टी कोरडी पडली की बंद होतात. पाणी कमी घातलं तर वाफ पुरेशी होण्याआधीच दिवा विझतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पट्टीवर पांढरे-तपकिरी डाग दिसू लागले की ते पाण्यातले क्षार. साचू दिले तर पट्टी नीट तापत नाही. सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून थोडा वेळ ठेवलं की ते सुटतात. नंतर एक फेरी नुसत्या पाण्याची चालवा.

मायक्रोवेव्हच्या डब्यात किंवा पिशवीत हीच वाफ असते. पाण्याशिवाय नुसती बाटली मायक्रोवेव्हमध्ये फिरवून काहीही होत नाही, प्लास्टिक स्वतः फारसं तापतच नाही. घट्ट बंद केलेली बाटली आत ठेवू नका, दाब वाढून ती उडते. धातू अजिबात नको. झाकण लगेच उघडलं तर वाफेचा फटका थेट मनगटावर बसतो, दोन-तीन मिनिटं थांबा.

क्लोरीनच्या गोळ्यांची सोय प्रवासात किंवा वीज नसताना कळते. गोळी आणि पाण्याचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. बहुतेक गोळ्यांना 15 ते 30 मिनिटं लागतात आणि पाणी 24 तासांनी बदलावं लागतं. इथेही बुडबुड्यांचा तोच त्रास, शिवाय बाटल्या तरंगतात, म्हणून वरून दाबून ठेवणारी जाळी किंवा ताटली हवी. धातूचे चमचे आत टाकू नका, गंजतात. बाहेर काढल्यावर लोक नळाच्या पाण्याने धुतात आणि केलेलं सगळं वाया घालवतात. पाणी झटकून टाकलं की पुरे. उरलेल्या थेंबातलं क्लोरीन दुधाला लागताच निकामी होतं. वास सहन होत नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. फरशी पुसायचं ब्लीच आम्ही सहसा सुचवत नाही. त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, ठेवून ठेवून ती उतरते आणि अनेकांत सुगंध मिसळलेला असतो.

यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांनी जिवाणू मारणारे डबे दिसायला छान असतात. किरण सरळ रेषेत जातात आणि जिथे सावली पडते तिथे काही होत नाही. बाटलीचं नेहमीचं प्लास्टिक, इतकंच काय साधी काचसुद्धा हे किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. म्हणजे आतल्या भिंतीला उजेड मिळतो तो मुख्यतः तोंडातून. रिंगच्या आट्या आणि झडपेच्या फटी हे सावलीचे हक्काचे कोपरे. वाळवायला, ठेवायला डबा बरा. पहिली पद्धत म्हणून आम्ही तो निवडणार नाही.

प्रेशर कुकरबद्दलही विचारतात. काही जिवाणूंचे बीजाणू 100 अंशांना तगतात आणि त्यांना दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते, हे खरं. पण रोजच्या बाटल्यांसाठी त्याची गरज नसते आणि उत्पादकाने तसं लिहिलेलं नसेल तर निपल आणि झडपा वाकड्या व्हायच्या.

पद्धत कुठलीही असो, नंतर फडक्याने पुसायचं नाही. ओलं फडकं हे स्वयंपाकघरातल्या सगळ्यात अस्वच्छ वस्तूंपैकी एक. बाटली झटका, हवेवर सुकू द्या किंवा लगेच जोडून झाकण लावा. जोडताना निपलला कडेने धरायचं, टोकाला नाही.

आणि एक गोष्ट, जी विचारलेली नसते. पावडरचं दूध स्वतः निर्जंतुक नसतं. त्यात क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू सापडू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचनांत पाणी किमान 70 अंश असताना पावडर मिसळायला सांगितलं आहे. एक लिटर पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरलं तर ते साधारण त्याहून गरम असतं. दूध मग नळाखाली धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून पाहा आणि केल्यापासून दोन तासांच्या आत संपवा. बाटली दहा मिनिटं उकळून कोमट पाण्यात पावडर ढवळणाऱ्यांची अर्धी मेहनत फुकट जाते.

पण गरम पाणी आणि प्लास्टिक यांचं जमत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2020 मध्ये मोजलं तेव्हा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाटल्यांतून लिटरमागे 1.6 कोटीपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्मकण सुटलेले आढळले आणि पाणी जितकं गरम तितके ते जास्त. उपाय सोपा आहे: निर्जंतुक केलेली बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा, दूध निर्जंतुक केलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवा आणि गार झाल्यावर बाटलीत ओता. काचेची बाटली असेल तर हा प्रश्नच उरत नाही, फक्त ती जड असते आणि पडली की फुटते.

किती दिवस करायचं? एनएचएस वर्षभर म्हणते. सीडीसी दोन महिन्यांखालच्या, वेळेआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोज करणं विशेष महत्त्वाचं मानते. मोठ्या, निरोगी बाळाच्या बाटल्या दर वेळी काळजीपूर्वक धुतल्या तर रोजची गरज नसेल, असं सांगते. आमचा कल पहिल्या गटातल्या बाळांसाठी एकही दिवस न चुकवण्याकडे, बाकीच्यांसाठी बाळ रांगून जमिनीवरचं तोंडात घालू लागेपर्यंत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. निपल मात्र कुठल्याही वयात चिकट लागलं, फुगलं, रंग बदलला किंवा त्यावर दाताची खूण दिसली की टाकून द्या. चिरेत गेलेलं दूध ना ब्रशने निघतं, ना वाफेने.