काळा आहे म्हणून मेगालोडॉन?

शार्कचा जीवाश्म दात हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला: "मेगालोडॉन आहे ना?" मेगालोडॉन म्हणजे नामशेष झालेला महाकाय शार्क. मला भेट मिळालेल्या दातासोबतच्या चिठ्ठीवर तर प्रश्नचिन्हही नव्हतं. उंची साडेचार सेंटीमीटर, रंग काळाकुट्ट.

रंग सोडूनच द्या. तो गाळातल्या खनिजांचा असतो. एकाच प्रजातीचे दात एका थरात काळे तर दुसऱ्यात पिवळट निघतात. उंचीही फसवी. मेगालोडॉनचे दात १७ सेंटीमीटरपर्यंत जातात खरे, पण त्याच्याही पिल्लांचे दात लहानच असणार.

मी भिंग घेऊन आधी कडा बघते. मेगालोडॉनच्या कडेला करवतीसारखे बारीक, एकसारखे दाते असतात. ग्रेट व्हाइट शार्कचे जाड आणि ओबडधोबड. टायगर शार्कची तर चैनच, मोठ्या दात्यांच्या अंगावर पुन्हा छोटे दाते! माझ्या दाताची कड मात्र साफ गुळगुळीत. आता समुद्राच्या लाटांत घासूनही दाते जातात, म्हणून मुळालगतचा भाग नीट तपासला; तिथे झीज कमी होते. तिथेही काही नाही, आणि टोक अजून धारदार. म्हणजे दाते मुळातच नव्हते.

मग दात उलटा केला. आतल्या बाजूला, मूळ आणि चकचकीत पात्याच्या मध्ये, मेगालोडॉनला एक गडद, रुंद पट्टा असतो. त्याला बुर्लेट म्हणतात. तो इथे नाही. मेगालोडॉनच्या पूर्वजांपैकी ओटोडस ऑब्लिक्वसच्या कडाही गुळगुळीत असतात, पण त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना छोटी सुळकी असतात. तीही नाहीत.

उरलं ते रुंद, चपटं, त्रिकोणी पातं. आजच्या माको शार्कचे दात याहून अरुंद असतात. हा हॅस्टॅलिस, नामशेष झालेला आणखी एक शार्क. बाहेरची बाजू सपाट आणि पातं रुंद, त्यामुळे वरच्या जबड्यातला. टोक एका बाजूला कललेलं, म्हणजे समोरचा नव्हे, बाजूचा.

या बिचाऱ्याच्या नावातला पहिला शब्द कुठे टिकतोय! आधी तो माकोच्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात), आयसुरस होता. मग कॉस्मोपॉलिटोडस झाला. आता बरेच अभ्यासक त्याला कारकॅरोडॉन म्हणतात, म्हणजे थेट ग्रेट व्हाइटच्या घरात. त्याला कारण पेरूमधले दात. पातं हॅस्टॅलिससारखं, पण कडेला पुसट दाते, अशा शार्कला २०१२ मध्ये कारकॅरोडॉन हबेली हे नाव मिळालं. ग्रेट व्हाइटकडे जाणारी मधली पायरी. म्हणून मी कडेवरून नख पुन्हा एकदा हळू फिरवून पाहिलं. अडकलं नाही.

लेबल लिहिलं: कारकॅरोडॉन हॅस्टॅलिस, वरचा, बाजूचा. थर आणि ठिकाण: माहीत नाही. ही शेवटची ओळ मला जास्त खटकते. चिठ्ठीवर भलत्या नावाऐवजी दात कुठे सापडला तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

त्याच पाकिटात कारकॅरायनस या जीनसमधल्या शार्कचे चार चिमुकले दातही आहेत. त्या जीनसमधल्या प्रजातींचे दात एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की त्यांच्या लेबलावर मी जीनसपाशीच थांबले.