गॅरेजला का देत नाहीस, असं विचारलंत म्हणून

गाडीखाली झोपलेल्या माणसाशी लोक त्याच्या पायांकडे बघून बोलतात. गेली दहा-बारा वर्षं मी आमच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, मारुती ओम्नीच्या पोटाखाली पडलेला असतो आणि माझ्या चपलांना कुणीतरी विचारत असतं, “काय रे, परत? गॅरेजला का देत नाहीस एकदाची?” शेजारचा दादा विचारतो, पोस्टमन विचारतो, गणपतीच्या चवथीला मुंबईहून आलेले भाचे विचारतात. प्रत्येकासाठी माझ्याकडे एकेक उत्तर तयार असतं. त्यातलं एकही पुरतं खरं नाही. म्हणून या वेळी बसून लिहितो.

गाडीची ओळख करून देत नाही. १९९७ ची आहे, ७९६ सीसीची, कार्बोरेटरवाली. गोव्यातल्या आमच्या पेडण्यात असं घर क्वचितच असेल, ज्यातलं कुणी अशा गाडीतून लग्नाला, बाजाराला किंवा इस्पितळात गेलेलं नाही.

पहिलं उत्तर पैशांचं. घरी केलं की स्वस्त पडतं, असं मी सांगतो. पडत नाही. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, जॅक, स्टँड, गोटी पान्यांचा संच या सगळ्याची बेरीज मी एकदाच केली आणि तो कागद हिच्या, म्हणजे बायकोच्या, हाती लागू नये म्हणून फाडला. त्या पैशांत गावातल्या मेकॅनिकने गाडी तीन वर्षं हसत सांभाळली असती. स्टँड तर मी उशिराच घेतले. आधी गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवायचो. चिरा भिंतीत शंभर वर्षं उभा राहतो, मग गाडीखाली का नाही राहणार, असा माझा हिशोब. एका जुलैत भिजलेला चिरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बसला. सुदैवाने मी तेव्हा खरोखरच चहा प्यायला बाहेर आलो होतो. हे वाचून कुणी आपल्या गाडीखालचे चिरे काढले तर या लिखाणाचा तेवढा तरी उपयोग झाला म्हणेन.

दुसरं उत्तर माझं आवडतं होतं. “गॅरेजवाले पुट्टी भरतात.” हे वाक्य मी इतक्या वेळा, इतक्या ठसक्यात म्हटलंय की भाचे माझी नक्कल करतात. आत पत्रा कुजलेला, वर फायबर आणि पुट्टी, त्याच्यावर रंग, आणि गिऱ्हाईक खूश. आपण असं काम करत नाही बुवा. आपण मुळापासून करतो.

तर त्या मुळाबद्दल.

किनाऱ्यावरच्या गाड्या खाऱ्या हवेने गंजतात. आमचा गंज मात्र आम्ही पैसे मोजून घरी आणला. बाबा पावसाच्या तोंडावर आगरवाड्याच्या मिठागरांतून खडं मीठ आणायचे, माडांच्या आळ्यात घालायला. मागची सीट काढायची, चार-पाच पोती आडवी टाकायची, की झालं. पोत्यांतून मीठ गळायचं आणि रबरी मॅटखाली जाऊन बसायचं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि जूनपासून आपल्याकडच्या हवेत ओलीशिवाय दुसरं असतं काय? सरकत्या दाराखाली जी पायरी असते ती आतून पोकळ असते. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तिला खालून बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या गाडीची भोकं लाल मातीने कधीचीच बुजली होती. म्हणजे पायरी ही खाऱ्या पाण्याची बंद पेटीच झाली होती. पत्रा आतून बाहेर खात आला आणि बाहेरचा पांढरा रंग शेवटपर्यंत तुळतुळीत राहिला.

बाबा २०१४ मध्ये गेले. गाडीची पंधरा वर्षं २०१२ लाच भरली होती, तेव्हाचं नोंदणीचं नूतनीकरण त्यांनीच केलं होतं. पुढची पाच वर्षं २०१७ च्या मे महिन्यात संपत होती, आणि त्याआधीच्या पावसाळ्यात मला डाव्या पायरीवर रंगाचा फुगा दिसला. स्क्रू ड्रायव्हरने टोचला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मी काय केलं? फायबरची जाळी चिकटवली, वर पुट्टी लिंपली, पाण्याच्या कागदाने घासून गुळगुळीत केली, स्प्रेचा डबा मारला आणि वर नवी रबरी मॅट अंथरली. हो, मीच. घरीच. कुठल्याही गॅरेजवाल्याचा त्यात हात नव्हता. तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न, चेसिसचा नंबर सगळं बघितलं गेलं. पायरी मॅटखाली होती, आणि ती तिथे दिसू नये अशी व्यवस्था मी केलेली होती. गाडी पास झाली. त्या संध्याकाळी मी पेढे आणले होते.

त्या वेळच्या मला आज उभं करून विचारलं तर तो वकिलासारखा बोलतो. म्हणतो, मुदत जवळ आली होती. म्हणतो, आईला दर महिन्याला म्हापशाला न्यायचं होतं, गाडी आठवडाभर डेंटरकडे ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणतो, पायरी म्हणजे काही चेसिस नव्हे, तिच्यावर गाडीचं काय अडलंय? त्यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं. ओम्नीला वेगळी चेसिस नाहीच, पत्र्याची ही पेटी हाच तिचा सांगाडा, आणि पायऱ्या या त्यातल्या तुळया. हे त्याला माहीत होतं. पैसे होते, वेळही काढता आला असता. पण भोक पाडायला घेतलं की ते किती मोठं निघेल, याची त्याला भीती वाटत होती.

२०१८ ची चवथ सप्टेंबरात होती. दोन दिवस आधी आईला घेऊन म्हापशाला माटोळीच्या बाजाराला गेलो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. कवंडळं, कांगलां, सुपारीची शिपटी, असोले नारळ. आई एकेक वस्तू नाकाला लावून घेते, त्यामुळे परत यायला तीन वाजले. पाऊस लागला होता. घरासमोर थांबलो, मी उतरून दार सरकवलं, तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने डावा पाय पायरीवर टेकवला आणि अंगाचा भार टाकला.

आवाज म्हणावा असा झालाच नाही. भिजलेला पुठ्ठा फाटतो तेवढाच. आई एकदम बुटकी झाली. पाय पायरीतून आत, नडगीच्या मध्यापर्यंत. ती ओरडली नाही. दाराची कड धरून तिने फक्त “थांब” म्हटलं, कारण मी घाबरून तिला वर ओढायला निघालो होतो, आणि ओढलं असतं तर आत वळलेल्या पत्र्याच्या कडांनी पिंढरीच सोलली असती. मी चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि मॅट फाडून पत्रा हातांनी बाहेर वाकवायला लागलो. तो वाकत नव्हता, तुकड्या-तुकड्यांनी हातात येत होता. त्या तुकड्यांना गुलाबी पुट्टी होती. हार्डनर जास्त पडला की पुट्टीला तो रंग येतो. माझ्याच्याने तो नेहमी जास्त पडतो. पावसात, आईच्या रक्ताने हात भरलेले असताना, मला माझी कारागिरी ओळखू आली.

आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, “पायरीवरून घसरली.” पायरी हा शब्द गाडीलाही चालतो आणि घरालाही. मी तो निवडून वापरला होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मग मला औषधांच्या खिडकीवर पाठवलं. परत आलो तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन झालं होतं, जखम पुन्हा उघडून धुणं चाललं होतं आणि केसपेपरवर गंजलेल्या पत्र्याचा उल्लेख होता. मी गेल्यावर तिनेच सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं नाही, एवढं माझ्यासाठी केलं. मी तिच्यासाठी तेवढंही केलं नव्हतं. जखमेत गंजाची कपची राहिली असती, साखरेचा आजार असलेल्या माणसाचा पाय, आणि मी शब्दांचे खेळ खेळत होतो.

जखम भरायला तीनेक महिने लागले. दिवसाआड ड्रेसिंग. त्या वर्षी माटोळी बांधताना आई खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि कवंडळ कुठे, शिपटं कुठे हे काठीने दाखवतेय. नैवेद्याला ती स्वयंपाकघरात नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदा घडलं. सगळे पाहुणे विचारत होते आणि मी सगळ्यांना सांगत होतो, “जुनी गाडी हो, पत्रा कुजतो.” खोटं काहीच नव्हतं त्यात.

डिसेंबरात शेवटची पट्टी सुटली त्या दिवशी ती म्हणाली, “पुता, पत्रा कुसलाय हे मला माहीत होतं. तू रंग मारत होतास तेव्हा मी खिडकीतून बघत होते.” मग चढलीस कशाला, असं मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर ते वेल्डिंगचं मशीन आलं. वायरचं, ज्याला गॅरेजवाले सीओटू म्हणतात. साध्या रॉडच्या वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला नुसती भोकं पडतात. हे मी आधी रॉडने भोकं पाडून शिकलो. पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी सोडली आणि डावी पायरी चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. वीतभर म्हणून सुरू केलेलं भोक पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घेतला, नाहीतर गाडी मधून वाकली असती आणि दार पुन्हा कधी सरकलं नसतं. वीस गेजचा पत्रा वाकवून नवी पायरी केली. सलग शिवण मारली की पत्रा तापून पापडासारखा वळतो, म्हणून एक टाका इथे, एक हातभर लांब, असं करत दोन महिने रविवारचे गेले. संध्याकाळी गावातला व्होल्टेज पडला की मशीन नुसतं फुरफुरतं, तेव्हा सकाळचेच तास. आत प्रायमर, सांध्यांना सीलर, पोकळीत मेणाचा फवारा. आणि खालची भोकं मोकळी. दर पावसाळ्याआधी त्यांत तार घालून बघतो.

बाकीचं थोडक्यात. दिव्यांना रिले बसवले, जुन्या स्विचमधून सगळा करंट जात होता म्हणून दिवे मिणमिणायचे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्बोरेटरचा किट बदलला. इंजीन आपल्याच बुडाखाली असतं, तिथे ठिबकणारा पाइप कुणालाच नको.

तुमच्यातले काही जण म्हणतात, ही गाडी सुरक्षित नाही. समोर बॉनेट नाही, काचेमागे थेट आपले गुडघे. बरोबर आहे. धडकेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये कंपनीने ती बनवणंच थांबवलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पन्नासच्या वर जात नाही, मोपाच्या विमानतळाच्या मोठ्या रस्त्यावर नेत नाही, असं मी सांगतो. पण समोरचा पन्नासने येईल याची हमी मी कुठून देणार?

ही म्हणते, तू प्रायश्चित्त घेतोयस. मला हा शब्द आवडत नाही. एवढ्या ग्राइंडिंगने प्रायश्चित्त होत असतं तर माझं दोनदा झालं असतं. आणि खरं म्हणजे मला ते काम आवडतं, जे प्रायश्चित्तात बसत नाही. सावंतवाडीला एक डेंटर आहे, त्याचा टाका माझ्यापेक्षा दसपट सुबक, हेही मान्य. मग त्याला का देत नाही? मी स्वतःला सांगतो की आत काय आहे हे मला माहीत असलं पाहिजे. पण २०१६ साली आत काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या माहितीचं मी काय केलं ते वर लिहिलंय. डेंटरकडे दिली तर मला माहीत नसलेलं काहीतरी आत राहील. घरी केली तर माहीत असलेलं राहतं. यातलं दुसरं बरं, असं ठामपणे मला म्हणवत नाही.

विकत का नाहीस, हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली, आमची तारीख मे महिन्यातली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती दहा हजार केली. पुढची तारीख २०२७. विकली तर घेणारा कोण? मासळीवाला किंवा भंगारवाला. मासळीवाल्याला दिली तर उजव्या बाजूने कुणीतरी चढणार.

कारण उजवी पायरी मी अजून उघडलेली नाही. तिथे फुगा नाही. रंग बाबांच्या वेळचा, तुळतुळीत. स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी दोनदा तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही वेळा कार्बोरेटरचं काहीतरी आठवलं.

आई आता ब्याऐंशीची. अजूनही त्याच गाडीतून जाते, डाव्या बाजूनेच चढते. चढण्याआधी नव्या पायरीवर काठी दोनदा आपटते आणि माझ्याकडे न बघता वर येते. गेल्या महिन्यात मात्र गाडीला वळसा घालून ती उजव्या बाजूला गेली आणि तिथे काठी आपटली. मी स्टिअरिंगवर होतो. आवाज मी ऐकला. ती परत डावीकडे आली, बसली आणि म्हणाली, “चल.”