सिस्टर, तुम्ही स्वतः घेता का ही लस?

पेशंटच्या नातेवाइकांना फ्लूच्या लशीबद्दल सांगायला लागलं की हा प्रश्न येतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "हॉस्पिटलमधलेच बरेच लोक घेत नाहीत म्हणे. त्यांना असं काय माहीत आहे, जे आम्हाला सांगत नाहीत?" नातेवाईक विचारतात, सोसायटीतल्या काकू विचारतात, माझी धाकटी जाऊ दर मे महिन्यात विचारते. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे आणि स्टाफला ही लस द्यायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे याचं उत्तर माझ्याकडूनच यायला हवं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, मी घेते. दर वर्षी, शक्यतो पाऊस सुरू व्हायच्या आधी. दुसरा प्रश्नही बरोबरच आहे. मोफत ठेवली, वॉर्डात नेऊन दिली, तरी बरेच जण टाळतात. पण त्यामागे आम्ही तुमच्यापासून लपवलेलं काहीही नाही. हीच माणसं हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस न सांगता घेतात. नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा स्वतःहून विचारते, "मॅडम, माझा दुसरा डोस कधी?" वापरलेली सुई बोटात गेली तर काय होऊ शकतं, हे तिने पहिल्या महिन्यातच ऐकलेलं असतं. सुईची भीती डोळ्यांसमोर असते. फ्लू कुणाकडून आला आणि आपल्याकडून कुणाला गेला, ते कधीच दिसत नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना २००९ सांगायला नको. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये इथेच झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, मास्क मिळेनात म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून आणि रुमालात कापूर ठेवून फिरत होते. विषाणूवर संशोधन करणारी एनआयव्ही याच शहरात, तिथे नमुन्यांचा ढीग लागलेला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने सुमारे पंधरा लाख डोस परदेशातून मागवले, तेही खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. आधीच्या ऑगस्टमध्ये ते हातात असते तर आम्ही पहाटेपासून रांग लावली असती. पण ते आले तेव्हा २०१० चा उन्हाळा होता, साथ गेल्यासारखी वाटत होती, आणि ड्युटी रूममध्ये एकच बोलणं: बाहेरची लस आधी आपल्यावरच का? खूप जणांनी पाठ फिरवली. मग पावसाळा आला आणि साथ पुन्हा उसळली. २०१० मध्ये देशात स्वाइन फ्लूने गेलेल्यांची संख्या २००९ पेक्षा जास्त होती. झायडस कॅडिलाची टोचायची आणि सीरमची नाकात फवारायची लस त्याच वर्षी बाजारात आली. मला वाटतं, तेव्हाचा तो संशय लशीपेक्षा ती द्यायच्या पद्धतीबद्दल जास्त होता. समोर बसवून कुणी चार वाक्यं सांगितलीच नव्हती.

२०१५ मध्ये पुन्हा मोठी साथ आली. एकट्या महाराष्ट्रात नऊशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर राज्याने गरोदर बाया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. म्हणजे पैशाचा प्रश्न निदान सरकारी ठिकाणी सुटला. खासगीत आजही एका डोसला दीड-दोन हजार रुपये पडतात, आणि सगळीच खासगी रुग्णालयं स्टाफसाठी तो खर्च उचलत नाहीत.

मग माझे सहकारी काय म्हणून टाळतात? सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, "लस घेतली की ताप येतो." काही जणांना येतो, हे खरं आहे. दंड दुखतो, अंग कसकसतं, दीड-दोन दिवसांत जातं. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होणं शक्य नाही. हे माझ्या सहकाऱ्यांना माझ्याइतकंच माहीत आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. तरीही गेल्या खेपेला ताप आलेला लक्षात राहतो आणि न झालेला फ्लू लक्षात राहायचं काही कारणच नसतं.

दुसरं ऐकू येतं, "लागू पडत नाही." इथे मी खोटं बोलत नाही. लशीतले विषाणू त्या वर्षीच्या विषाणूंशी जुळले तर डॉक्टरकडे जायची वेळ येण्याचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी होतो. जुळले नाहीत तर त्याहून कमी. गोवराच्या लशीइतकी ही लस पक्की नाही आणि तसं सांगून ती देऊही नये. घेतलेल्या माणसाला फ्लू होऊ शकतो, पण आयसीयूपर्यंत जायची शक्यता घटते. मला तेवढं पुरतं.

वेळेचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कुठले विषाणू घालायचे ते सांगते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. नकाशावर आपण उत्तरेत आहोत, पण आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. थंडीत दुसरी लाट येते ती वेगळी. म्हणून आमच्यासाठी लस मे महिन्यात हातात यायला हवी, कारण टोचल्यावर शरीराला तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. आणि खरेदीची फाइल फिरत फिरत लस बरेचदा येते ऑगस्टमध्ये. तोवर निम्मा वॉर्ड खोकून झालेला असतो. मग लस घेतल्यावर चौथ्या दिवशी कुणी आजारी पडलं की सगळ्या मजल्यावर बातमी: "बघ, घेतली आणि झाला."

याच उशिरामुळे मोहीम बरेचदा श्रावणात येते, आणि तेव्हा कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ही अंड्याची असते ना?" मी हो म्हणून सांगते. नेहमीच्या लशीतला विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग शुद्ध करतात, अंड्यातल्या प्रथिनांचा अगदी अंश उरतो. काही जणी श्रावण संपल्यावर येते म्हणतात आणि येतातही. त्यांच्याशी वाद घालून मला काही मिळालं नसतं.

गरोदर सिस्टर सगळ्यात जास्त घाबरतात, आणि त्यांच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते. २००९ च्या साथीत गरोदर बायांचे हाल आम्ही पाहिले आहेत. निरोगी पंचविशीतली मुलगी चार दिवसांत व्हेंटिलेटरवर. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला जे काही संरक्षण मिळायचं ते आईकडूनच. हे एकदा शांतपणे सांगितलं की बहुतेक जणी तयार होतात. सासूबाईंना फोन लावून द्यावा लागला तर तोही मी लावते.

पण खरं कारण यातलं एकही नाही असं माझं मत आहे. खरं कारण म्हणजे आमच्याकडे आजार अंगावर काढणं हे चांगल्या कर्मचाऱ्याचं लक्षण मानलं जातं. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर ड्युटी रूममधल्या कॉटवर पडलेला, स्वतःच्याच हाताला सलाइन, खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली. ती संपली की कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली नळी, तशीच ठेवून, वर चिकटपट्टी लावून राउंडला हजर. हे दृश्य कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलमध्ये दिसेल. आणि त्याचे सीनियर त्याचं कौतुक करतात. रात्रपाळीची सिस्टर पॅरासिटामॉलची गोळी घेऊन, मास्क लावून, तीस पेशंटची औषधं वाटते, कारण तिने रजा टाकली तर तीच तीस माणसं दुसऱ्या वॉर्डातल्या मैत्रिणीच्या डोक्यावर येतात. ती चुकते आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. पण तिच्या हाताखालच्या त्या तिसांत केमोथेरपीचा पेशंट असतो, डायलिसिसचे आजोबा असतात. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच बाहेर पडायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस पडत राहतो. ताप गोळीने उतरतो, विषाणू जात नाही.

ज्या ठिकाणी फ्लू अंगावर काढायचा असतो, त्या ठिकाणी फ्लू "साधा" असावाच लागतो. तो गंभीर आहे असं मान्य केलं तर तापात काम करणं धोक्याचं ठरेल, मग रजा द्यावी लागेल, मग माणसं वाढवावी लागतील. ते होत नाही, म्हणून सगळे मिळून त्याला सर्दी-पडसं म्हणतात. आणि सर्दी-पडशाची लस कोण घेणार?

हे मला नीट कळलं ते आमच्या एका मावशींमुळे. मेडिसिन वॉर्डात वर्षानुवर्षं सफाईचं काम करतात, एजन्सीकडून. मी कॉरिडॉरमध्ये टेबल मांडलेलं, शेजारी लस थंड ठेवायचा डबा, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअर, आणि रजिस्टर उघडं. मावशी आल्या, टेबलावर हात टेकला आणि म्हणाल्या, "ताई, सुईला मी भीत न्हाई. पर उद्या अंग तापलं आन् खाडा झाला, तर त्यो रोज कोण देनार?" मी मागची सगळी उत्तरं तयार ठेवली होती. जिवंत विषाणू नाही, चाळीस ते साठ टक्के, सगळं. या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडेना. एका दिवसाचा खाडा म्हणजे त्यांच्या घरात त्या दिवसाची भाजी आणि रिक्षाचं भाडं. लशीबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कर्मचारी लस का नाकारतात याच्या कितीतरी प्रश्नावल्या मी भरून घेतल्या आहेत. त्यात अज्ञान, भीती, गैरसमज असे चौकोन असतात. खाडा असा चौकोन मी अजून पाहिलेला नाही.

आता तुमच्यातले जाणकार विचारतील, की स्टाफने लस घेतल्याने पेशंट खरंच वाचतो का? याबद्दल मला अतिशयोक्ती करायची नाही. २००० साली स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या वीस रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे स्टाफला लस द्यायची सोय केली तिथे निम्म्या लोकांनी घेतली, आणि त्या हिवाळ्यात तिथले १३.६ टक्के रुग्ण दगावले. जिथे सोय केली नाही तिथे २२.४ टक्के. हा आकडा बरीच वर्षं आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पडद्यावर यायचा. पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या नमुन्यांमध्ये फ्लूची लागण मात्र तशी कमी दिसली नव्हती, आणि पुढे इतर संशोधकांनी दाखवून दिलं, की एवढा मोठा फायदा हिशेबात बसत नाही. म्हणून मी तो आकडा दाखवणं सोडलं. मी एवढंच म्हणते: मला फ्लू कमी वेळा झाला तर माझ्याकडून तो कमी वेळा जाईल, आणि माझ्या हाताखालची माणसं जगातली सगळ्यात कमजोर माणसं आहेत. यासाठी वर्षातून एक दिवस दंड दुखला तर तो मी दुखू देईन.

सक्ती करावी का, असंही विचारतात. अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये ती केली. लस घेणाऱ्यांचं प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं. पण तिथल्या नर्सेसची संघटना लवादाकडे गेली, जिंकली, आणि त्या नर्सेस सक्तीतून सुटल्या. ज्यांनी घेतली नाही त्यांना फ्लूच्या दिवसांत मास्क लावावा लागला. मला आपल्याकडे सक्ती नको आहे. तापातल्या सिस्टरला घरी पाठवायला ज्या व्यवस्थेकडे माणूस नाही, तिने त्याच सिस्टरला लशीसाठी नोटीस काढावी, हे मला पटत नाही. कोविडनंतर तर लोक लस या शब्दालाच थकलेत. दंडाला धरून आणलेला माणूस पुढच्या वर्षी कॅरिअर दिसताच जिन्याने उतरून जाईल.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही टेबल सकाळी दहाला मांडणं बंद केलं. त्या वेळी राउंड असतो, कुणाला मान वर करायला सवड नसते. आता सकाळी साडेसातला, रात्रपाळी सुटताना आणि सकाळची पाळी येताना, दोन्ही पाळ्या एकत्र सापडतात, आणि ज्यांची दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे त्यांना आदल्या दिवशी बोलावतो. सफाईच्या एजन्सीकडून लेखी घेतलं, की लस घेतल्यापासून दोन दिवसांत ताप आला तर रोज कापायचा नाही. त्या वर्षी मावशींनी घेतली आणि वॉर्डातल्या बाकीच्या मावशी-मामांनाही त्याच घेऊन आल्या. ज्यांना मी फोनवर फोन करून दमले होते, त्यांनासुद्धा. सिक्युरिटीच्या एजन्सीचा कागद मात्र अजून सहीला अडकलेला आहे. कॅज्युअल्टीच्या दारात खोकणाऱ्या, धाप लागलेल्या पेशंटला रिक्षातून उतरवून स्ट्रेचरवर ठेवतात ते वॉचमनच, डॉक्टर त्यानंतर येतो. मेच्या आत ती सही व्हावी म्हणून मी रोज प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन विचारते आहे.